आठ बायकांची डोकी

सातवा महिना लागला होता आणि मी सासूबाईंशी खोटं बोलून घराबाहेर पडले होते. मैत्रिणीकडे टोपड्याचे नमुने बघायला जाते, दिवेलागणीच्या आत येते, असं सांगितलं. "टांगा कर, चालत जाऊ नकोस," एवढंच त्या म्हणाल्या. मी टांगा केला, पण तो मैत्रिणीच्या गल्लीत न नेता एस.टी. स्टँडवर नेला आणि पौडच्या गाडीत जाऊन बसले. त्याआधी आणि त्यानंतर मी पुष्कळदा खोटं बोलले असेन, पण इतकी धडधड कधी झाली नाही.

कारण सांगायला हवं. माझ्या आईचा एकही फोटो नाही. दुसऱ्या बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं, तेव्हा मी तीन वर्षांची होते. वडिलांनी मला उचललं, पौडच्या बाजूला रिह्याच्या खोऱ्याच्या तोंडाशी आमचं घर होतं ते भावाला देऊन टाकलं आणि पुण्यात आत्याकडे येऊन राहिले. पुढे छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. आईबद्दल ते बोलायचे नाहीत. मी विचारलं की उठून माठाकडे जायचे, पाणी प्यायचे आणि तिकडूनच बाहेर निघून जायचे. लहानपणी मला वाटायचं, आईचं नाव काढलं की वडिलांना तहान लागते. माझ्या लग्नाआधीच तेही गेले.

आता मला दिवस गेले होते आणि मरणाची भीती वाटत होती. हे तेव्हा मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने डॉक्टरांकडे नेलं असतं, सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी दृष्ट काढली असती. आई गेली तशीच मी जाणार, हे मी मनाशी धरून चालले होते. ती दुसऱ्या खेपेला गेली आणि माझी ही पहिलीच, पण भीतीला एवढं गणित कुठे येतं? एका जागी बसवत नसे. केर काढून झालेल्या खोलीचा मी पुन्हा केर काढायचे, घडी घातलेली लुगडी मोडून परत घालायचे. आणि या सगळ्यात एकच हट्ट डोक्यात बसला होता: जायचं तर जाऊ, पण आधी एकदा आईचं तोंड बघायचं.

ते कुठे बघायला मिळेल हे मला डोहाळजेवणात कळलं. हिरवी साडी, गजरे, पाटाभोवती रांगोळी, सगळं यथासांग चाललं होतं. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "मुलगी कुणाच्या वळणावर गेलीय हो? आईच्या का?"

आत्या वाढत होती. म्हणाली, "असेल. फोटो कुठाय ताडून बघायला? त्या पिरंगुटच्या पुढच्या मातीवाल्यानं तिचं डोकं केलं होतं, ते असलं तर असेल तिथं. त्यानंच तर खाल्लं तिला." एवढं बोलून तिने जीभ चावली आणि माझ्या पानात नको नको म्हणत असताना भात वाढला.

नंतर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं, दार लावलं, खोदून खोदून विचारलं. ती काही बोलायला तयार होईना. "असल्या दिवसांत असलं काही मनात आणू नये," हे पालुपद. पण मातीवाला कोण हे मला ठाऊक होतं. नदीकाठी बंगला बांधून राहिलेले ते शिल्पकार वारले होते, आणि पुण्यातल्या कुठल्याशा समितीने त्यांचं घर आणि कामाची जागा लोकांना बघायला खुली केली आहे, अशी चार ओळींची बातमी मी पेपरात वाचली होती. वाचून त्यात बटाटे गुंडाळले होते. म्हणजे माझी आई तिथे स्टुलावर बसलेली असणार, कुणीही चार टवाळ जाऊन तिला बघून येत असणार, आणि मी पेठेत बसून तिळाचे लाडू खात होते. मला इतका राग आला की रडूही येईना.

तर अशी मी त्या गाडीत बसले होते. पिरंगुट सोडून पुढे गाडीवाल्याने मला रस्त्यावर उतरवलं. खाली उतरणीला खाचरं होती, भात कापून झालेलं, खळ्यावर कुणीतरी पेंढ्या झोडत होतं. वाट विचारली तर एक बाई माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "मूर्तीच्या कारखान्यात? तुमी? एकल्या?" मी तशीच उतरणीला लागले.

बंगल्याच्या दारात समितीचा राखणदार होता. साठीचा, काटकुळा. समितीने दिलेला खाकी कोट त्याच्या अंगात दोन माणसांचा वाटत होता. पूर्वी तो शिल्पकारांची माती मळायचा, हे त्याने पहिल्या मिनिटालाच सांगितलं. त्याला दोन भाषा येत होत्या, एक स्वतःची आणि एक समितीने पाठ करून घेतलेली.

"सदर खोलीत कैलासवासी शिल्पकारांनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे व्यतीत केली," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि मग हळूच, "हितं झोपायचं साहेब."

पलंग होता. मच्छरदाणी होती. काचेच्या पेटीत चष्मा, तंबाखूची डबी, दाढीचं सामान. भिंतीला तीन काठ्या लावलेल्या आणि प्रत्येक काठीची वेगळी हकिकत. मी म्हटलं, "मामा, कारखाना कुठाय?"

"आधी घर. मंग कारखाना. समितीनं वळ ठरवून दिलीया."

"मला घर नाही बघायचं."

"घर न्हाई बघितलं तर कारखाना कळायचा न्हाई, असं समिती म्हंती."

समितीला माझे पाय सुजलेत हे माहीत नव्हतं. मी चहाचा कप बघितला. पावसाळी बूट बघितले. एका परदेशी पाहुण्याने बसून मोडलेली आरामखुर्चीसुद्धा बघितली. माणूस मेलं की त्याच्या चपलांनासुद्धा किती किंमत येते, असं मनात आलं; आणि माझ्या आईचं एक लुगडंही कुणी ठेवलं नव्हतं. त्या चष्म्याची मला शिसारी आली, हे खरं सांगते. बिचाऱ्या चष्म्याचा काही दोष नव्हता.

शेवटी परसातून कारखान्यात गेलो. उंच पत्र्याचं छप्पर, उत्तरेकडून मोठाल्या खिडक्या. मध्ये मातीचा हौद, कोरडा पडलेला, भेगाळलेला. कोपऱ्यात अर्धा घोडा, एका पुढाऱ्याचे नुसतेच हात, तारांचे सांगाडे. आणि पलीकडच्या भिंतीशी उंच स्टुलांवर ओळीने आठ बायकांची डोकी, पांढऱ्या प्लास्टरची. प्रत्येकीच्या गळ्याखाली पत्र्यावर आकडा. नाव कुणालाच नव्हतं.

राखणदाराने पाठ केलेलं सुरू केलं. मी ऐकलंच नाही. मला एवढंच दिसत होतं की या आठांत एक माझी आई आहे आणि कुठली ते मला कळत नाहीये. रक्ताचं माणूस आपोआप ओळखू येतं म्हणतात. मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले, परत आले, पुन्हा गेले. पहिलीचं कपाळ रुंद होतं. दुसरी म्हातारी वाटली, हिला सोडा. तिसरीचे ओठ जाड. चौथी सुंदर होती आणि मला फार वाटलं की चौथीच असावी, पण नुसतं वाटून काय होतं? मी पर्समधून हातआरसा काढला. एकदा आरशात बघायचं, एकदा डोक्याकडे. राखणदार बोलायचा थांबला. पोटुशी बाई पुतळ्यांपुढे आरशात तोंड बघत फेऱ्या घालते म्हटल्यावर माणसाने काय समजावं?

पाचवीपाशी मी थांबले. तिचं नाक मधेच किंचित बसकं आणि शेंड्याला वर आलेलं होतं. माझं तसंच आहे. या नाकावरून शाळेत मला पुष्कळ चिडवलेलं आहे. मी आरशात बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत आरशात. तेच. आणि मग मला आवरलं नाही. तिच्या गालाला हात लावला, गार होता, आणि मी मोठमोठ्याने रडायला लागले.

"हात लावू नगा, ताई," राखणदार म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "नाक माझं हाय त्ये."

हौदाच्या पलीकडे एक बाई झाडू घेऊन उभी होती. पन्नाशीची असेल, उन्हाने करपलेली, लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला. ती जवळ आली, पाचवीच्या शेजारी उभी राहिली आणि आपल्या नाकाला बोट लावलं. मधे बसकं, शेंड्याला वर.

"तुमी रडताय कशापायी?" ती म्हणाली. "माझ्या नाकापायी अजून कुणी रडल्यालं न्हाई."

"तू गप," राखणदार तिच्यावर डाफरला. "पाव्हण्यांच्या मधी बोलायचं न्हाई, सांगितलंय ना समितीनं?"

"समितीचं नाक हाय का माझं?"

मी डोळे पुसले. लाज वाटली आणि लाजेहून जास्त चीड आली. एका झाडूवालीच्या नाकाला मी आई म्हणून मिठी मारायला निघाले होते. "म्हणजे ही पाचवी तुम्ही का?" मी विचारलं.

"छ्या. मी कशी? नाक तेवढं माझं. कपाळ माझ्या जावंचं. व्हट वरल्या वाडीतल्या एकीचं, ती गेली बिचारी. हनुवटी कुणाची वं?" तिने राखणदाराला विचारलं.

"तेलीणीची."

"तेलीणीची सातवीला हाय. हिला न्हाई."

ही दोघं माझी थट्टा करतायत असं मला वाटलं, आणि तसं मी बोलून दाखवलं. जरा जोरातच. तेव्हा त्या बाईने झाडू भिंतीला टेकवला आणि सांगायला लागली.

"मास्तर हितं राह्यला आलं तवा त्येंला बायकांची तोंडं पायजे व्हती. वाडीवाडीत फिरलं. कोण बसतंय? जित्या माणसाचा कुणी टाक करतं का? टाक करायचा त्यो मेलेल्याचा, देव्हाऱ्यात ठिवायला. म्हातारी माणसं म्हणली, मातीत तोंड उतारलं की हिकडं माणूस झिजतंय. आन् आमी तर धरणातनं उठून आल्यालो. माझी सासू म्हणली, गाव पाण्यात गेलं, आता तोंड मातीत घालू व्हय?"

"मग बसलात कशा?"

"मास्तर वाईट नव्हतं. कुणाचं पोर आजारी पडलं की आपल्या मोटारीत घालून पौडला न्यायचं. न्हाई म्हणवंना. मंग आमी बायकांनी पाणवठ्यावर ठरीवलं. बसायचं, पर पुरतं कुणी बसायचं न्हाई. एकीचं नाक घ्या, एकीचं कपाळ, एकीचं व्हट. एका डोस्क्यात एक बाई पुरती घावता कामा न्हाई. मंग झिजंल कोण? कुणीच न्हाई."

"साहेब आधी लई हसलं," राखणदार म्हणाला. आता त्याची पाठांतराची भाषा पार गेली होती. "मंग चिडलं. दोन दिस जेवलं न्हाईत. मंग कबूल झालं. वही केली व्हती त्येंनी, कुणाचं काय कुटं लावलं त्येची."

"वही कुठाय?"

"समितीनं नेली. न्हाईतर उंदरांनी."

मी त्या आठ डोक्यांकडे बघत राहिले. इतका वेळ मी एक बाई शोधत होते आणि आठांतली एकही बाई खरी नव्हती. पुण्याहून पोट घेऊन, खोटं बोलून, धूळ खात आले ती या गोधडीसाठी! त्या मास्तरचा राग आला, त्या बायकांच्या शहाणपणाचा राग आला, आणि मुख्य म्हणजे घरी परत जायचं होतं, वेळ चालला होता.

मग मी कोण ते सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं, घर कुठल्या अंगाला होतं ते सांगितलं. बाई हौदाच्या कडेवर बसली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तू ती व्हय," ती म्हणाली. तुमीची तू झाली. मग माझ्या पोटावर नजर गेली तशी भडकलीच. "आन् असल्या दिसांत एकली आलीस? सासरी कुणी इचारणारं न्हाई का?"

"माझ्या आईचं यात काय आहे तेवढं सांगा, मावशी. मी लगेच जाते."

"हिच्या आईचा कान दुसरीला हाय," राखणदार पुढे होऊन म्हणाला. "मी माती लावून दिल्याली. चांगलं ध्येनात हाय."

"काई न्हाई. दुसरीचा कान पाटलाच्या सुनंचा. भोक बघ की किती वढल्यालं हाय. हिच्या आईला कुटं एवढं दागिनं?"

"आगं, डावा पाटलिणीचा. उजवा हिच्या आईचा."

"दोन कान दोघींचं कुणी लावतं का?"

"साहेब लावायचं!"

एका कानावरून त्यांची जुंपली. म्हणजे आईचा मला कान मिळणार होता, तोही एक, आणि तोही नक्की नाही. मी ओरडले, "मला कान नकोय!" तो आवाज पत्र्याला आपटून परत आला. दोघं दचकली. मी हौदाची कड धरली.

बाई उठली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "अगं, कानाचं जाऊ दे. डोळं हायेत की."

"कुठलीचे?"

"समद्यांचं."

मला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, मी ठार बहिरी असल्यासारखं. "आठीच्या आठींचं डोळं तुझ्या आयचं हायेत. नाक दिलं आमी, कान दिलं, डोळं कोण देतंय? गणपती करत्यात तवा डोळं शेवटाला करत्यात. डोळं झालं की त्यात जीव येतोय. बाकीचं झालं, डोळ्यापाशी अडलं. महिनाभर ही डोस्की आंधळी व्हती, वल्या फडक्यात गुंडाळून. मंग तुझी आई म्हणली, माझं घ्या."

"का?" मी म्हटलं. "तिलाच काय पडलं होतं?"

बाई हसली. "बसाया मिळायचं म्हणून. खरं सांगतीया. लावणी झाली, बेणणी-खुरपणी झाली, घरात सासू, नणंद, पाणी, दळण. बूड टेकाया मिळत नव्हतं तिला. हितं मास्तर म्हणायचं, हलू नगंस. ती म्हणायची, असं सांगणारा जलमात पहिला माणूस भेटला. रोज दुपारची यायची आन् बसायची, आठीच्या आठी हुईस्तवर."

ती नणंद म्हणजे माझी आत्या, लग्न होऊन पुण्याला जाण्याआधीची. तिने मला वाढवलं, आणि तिच्यामुळेच मी माणसात आले. पण त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की ती समोर नव्हती हे बरं झालं. रागाखाली भीती होतीच, ती वर आली. ज्यासाठी मी आले होते तो प्रश्न आईच्या तोंडाचा नव्हताच बहुधा. मी विचारलं, "डोळे दिले म्हणून ती गेली का?"

"कोण म्हंतं?"

"सगळे."

"समद्यांच्या तोंडाला काय हाड हाय?" ती तोडून म्हणाली. "पोर आडवं आल्यालं. वड्याला पाणी, सुईण पल्याड. मी व्हते की तिच्या उशापाशी. मास्तरची मोटार तवा मुंबईला गेल्याली, न्हाईतर पौडला नेली असती. डोळं दिल्यानं मरत्यात तर मी नाक दिल्यानं मेले का? त्येलीण दोन हनुवट्या देऊन बसलीया, जित्ती हाय, तिची नातवंडं बघ जा."

इतकं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं. पोर आडवं आलं, ओढ्याला पाणी होतं. बावीस वर्षं आमच्या घरात या दोन वाक्यांच्या जागी एक माठ होता.

मी डोक्यांकडे वळले. डोळ्यांकडे मी आतापर्यंत बघितलंच नव्हतं. पांढऱ्या प्लास्टरच्या डोळ्यांत काय बघायचं? आता जवळ जाऊन बघितलं तर बुबुळाच्या जागी खोलगट टोकरलेलं होतं, आणि त्या खळगीत सावली बसून नजर तयार झाली होती. पण ती माझ्याकडे नव्हती. पहिलीची नजर माझ्या कमरेशेजारून खाली गेलेली. दुसरीचीही तशीच. मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, मान वाकडी केली. कुठूनही बघा, ती माझ्याकडे बघत नव्हती. मला भलतंच वाईट वाटलं. एवढं करून आले आणि बाईसाहेब मान वर करायला तयार नाहीत!

"ही अशी खाली का बघते?"

"त्या फळीवर काय लिवलंय?" बाईने उलट विचारलं. "मला वाचता येत न्हाई. पाव्हणं वाचत्यात आन् माना डोलावत्यात."

भिंतीवर समितीने रंगवलेली पाटी होती. मी वाचून दाखवली: मावळी स्त्रिया. खाली झुकलेल्या नजरेतून ग्रामीण स्त्रीची उपजत लज्जा शिल्पकाराने अचूक टिपली आहे.

"लज्जा?" बाई कंबरेवर हात ठेवून इतकी हसली की तिला ठसका लागला. राखणदारसुद्धा कोटाची बटणं चाचपत हसला. "अगं, कसली लज्जा? तू व्हतीस तितं. रांगत व्हतीस. घरी कुणाकडं ठिवणार, म्हणून हितं आणायची आन् खाली सोडायची, हौदापाशी. आन् तुला माती खायाचा नाद! मास्तर म्हणायचं, बाई, माझ्याकडं बघ. ती म्हणायची, बघतीया की. आन् बघायची तुझ्याकडं. दमून गेलं मास्तर. शेवटाला म्हणलं, बघ तिकडंच बघ, तसंच करतो."

तीच पुढे बोलत राहिली, आता हळू आवाजात.

"तुझा बाप आला व्हता हितं, ती गेल्यावर. तिचं बारावं-तेरावं झाल्यावर आला. खांद्यावर कुदळ, काखंत तू. मी माती तुडवत व्हते. लोकांनी कान भरल्यालं त्येचं, ही डोस्की फोडायची म्हणून आल्याला. मास्तर बाजूला झालं. म्हणलं, फोड, तुझीच हायेत. तवा ही समदी त्या तितं फळीवर व्हती, वळीनं. त्येनं हात मोकळं कराया तुला खाली ठिवलं. तुझ्या नेहमीच्या जाग्याला, त्येला काय ठावं. तू बसलीस माती उकरत. त्येनं कुदळ उचालली, आन् मंग त्येला दिसलं."

"काय?"

"आठी जणी तुझ्याकडं बघत्यात."

राखणदार खिडकीतून बाहेर बघत होता. बाईने पदराने नाक पुसलं, पाचवीवर होतं तेच नाक.

"कुदळ हितंच टाकून गेला. तुला उचाललं आन् गेला. पुन्यांदा वाडीत दिसला न्हाई."

वडिलांबद्दल त्या दिवसापर्यंत मनात काय काय धरलं होतं ते आता लिहीत नाही. ते पाणी प्यायला उठायचे तेव्हा मी त्यांच्या पाठीकडे रागाने बघायचे, एवढं खरं.

"कुठे बसायचे मी?" मी विचारलं.

"आता तसं न्हाई राह्यलं. समितीनं स्टुलं लावली, समदी हालली. पर हिच्यापुढं हितं यील बघ." तिने झाडूच्या दांड्याने पहिलीच्या समोर, जरा बाजूला, फरशीवर जागा दाखवली.

मी बसायला लागले. सातव्या महिन्यात जमिनीवर बसणं म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. बाईने एक हात धरला. राखणदार म्हणाला, "ताई, खाली बसायची परवानगी न्हाई," आणि असं म्हणता म्हणताच कोपऱ्यातलं पोतं झटकून त्याने तिथे अंथरलं, आणि माझा दुसरा हात धरला.

मी बसले आणि वर बघितलं.

ती माझ्याकडे बघत होती. माया वगैरे काही नव्हती त्या नजरेत, मला तरी दिसली नाही. भुवया जराशा आवळलेल्या, आता ओरडू का उठून धरू अशा बेतात आलेली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असलेली एक दमलेली पोरगी. खूप वेळ बघू दिलं दोघांनी. मग मी हात वर केले, त्यांनी मला उठवलं, राखणदाराने पोतं उचललं आणि न सांगता दुसरीपुढे टाकलं. तिथे बसले. मग तिसरीपुढे. पाचवीला नाक वेगळं, सहावीला ओठ वेगळे, सातवीला तेलिणीची हनुवटी, आणि वर तीच आवळलेली भुवई. आठ वेळा बसले, आठ वेळा त्या दोघांनी मला उठवलं. आठही वेळा ती थेट माझ्याकडे बघत होती, आणि मी माती तोंडात तर घातली नाही ना, एवढीच तिला काळजी होती.